निकाल लागेपर्यंत जैसे थे

२०२३च्या जानेवारीत, एका शनिवारी सकाळी, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी ओक ट्री रोडवरच्या एका लहान मराठी हॉटेलच्या काचेच्या दारावर फलक लागला. त्यावर इंग्रजीत आणि खाली मराठीत एकच वाक्य होतं : आत शस्त्र आणू नये. दुपारची गिऱ्हाइकं पांगायच्या आत तो फलक काढण्यात आला. त्यानंतर तो दारावर लागलेला नाही.

फलक लावला मालकीणबाईंनी आणि काढला तोही त्यांनीच. बाई मूळच्या कोल्हापूरच्या, साठीच्या पुढच्या. सगळं एडिसन त्यांना मावशी म्हणतं. हॉटेलात सहा टेबलं आहेत. आठवडाभर पोळी-भाजीचे डबे बाहेर जातात. मिसळ फक्त शनिवारी आणि रविवारी मिळते. फलक ज्यांच्यामुळे लागला आणि ज्यांच्यामुळे उतरला ते गृहस्थ एकच. नागपूरचे, सत्तरी ओलांडलेले, निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांना सगळे काका म्हणतात. मावशींना मात्र ते वहिनी म्हणतात आणि मावशी त्यांना भाऊजी.

शनिवारी काकांच्या टेबलावर मीही असतो. पुण्यात मी एका वर्तमानपत्रासाठी बरीच वर्षं कोर्टाच्या बातम्या दिल्या. आता इथे राहतो आणि मराठी मंडळाच्या त्रैमासिकाचं काम पाहतो. पुढची हकीकत त्या टेबलावर पाहिलेली आणि ऐकलेली आहे. न्यायालयातली हकीकत कागदपत्रांतून घेतलेली आहे.

काका आणि मावशी यांची ओळख हॉटेल उघडलं तेव्हाची. स्वयंपाकघरातला धूर बाहेर नेणारी पत्र्याची वाट टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, तपासनिसानं नापास केली होती. ठेकेदार फोन उचलत नव्हता. काकांनी नकाशा नव्यानं काढून दिला आणि दुसऱ्या तपासणीच्या दिवशी स्वतः शिडीवर चढून तपासनिसाला एकेक सांधा दाखवला. हॉटेल उघडलं त्या शनिवारी मिसळीची पहिली प्लेट काकांपुढे ठेवली गेली. तेव्हापासून ते शनिवार चुकवत नाहीत. एकच वाद होता, तो रश्श्याच्या नावावरून.

"वहिनी, तर्री वेगळी द्या."

"इथं तर्री मिळत नाही. कट मिळतो."

"मग कट द्या. मी त्याले तर्री समजून खाईन."

पिस्तुलाचं प्रकरण याच्याही आधी सुरू झालं होतं. काकांच्या पत्नी हयात असताना त्यांच्या घरी भरदिवसा घरफोडी झाली. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांनाही ठाऊक आहे. त्या वर्षी आसपासची आणखीही भारतीय घरं फुटली. घरी कोणी नव्हतं, म्हणून कोणाला इजा झाली नाही. काकांनी पिस्तूल विकत घेतलं, नेमबाजीच्या मैदानावर रीतसर शिक्षण घेतलं आणि ते जवळ बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला. न्यू जर्सीत तेव्हा बाळगण्याची निकड दाखवावी लागे आणि नुसती भीती ही निकड धरली जात नसे. कोणी नेमकी धमकी दिली आहे का, असं त्यांना विचारण्यात आलं. चोरांनी आधी कळवलं नव्हतं, असं काकांनी उत्तर दिल्याचं ते सांगतात.

२०२२च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं शेजारच्या न्यूयॉर्क राज्याची निकडीची अट घटनाबाह्य ठरवली. तशीच अट न्यू जर्सीतही गळून पडली. काकांनी पुन्हा अर्ज केला. या अर्जाला ओळखीच्या माणसांची शिफारस लागते. अर्जदार भला माणूस आहे असं त्यांनी पोलिसांना कळवायचं असतं. काकांनी दिलेल्या नावांत एक नाव मावशींचं होतं.

शिफारशीच्या प्रश्नावलीचं ईमेल मावशींनी हॉटेल बंद करताना उघडलं आणि मुलीकडून भरून घेतलं. कशासाठी आहे हे त्यांनी विचारलं नाही. अमेरिकेत आपली माणसं एकमेकांसाठी अशा सह्या देत असतात : घर भाड्यानं घेताना, व्हिसासाठी, नागरिकत्वासाठी, पोरांच्या कॉलेजसाठी. कोणी नाव दिलं तर हो म्हणायचं, अशी रीत आहे. काकांचा परवाना हिवाळ्याच्या तोंडावर आला. त्यांनी मावशींना पेढे दिले.

"कशाचे हो?"

"तुम्हीच तर सही केली. पिस्तुलाचा परवाना मिळाला."

मावशींनी पेढा हातात धरला. मग तो बशीत ठेवला.

त्या शनिवारी काका पिस्तूल घेऊन आले होते. ते कोटाखाली होतं आणि कोणाला दिसत नव्हतं. काकांनी ते दाखवलं नाही, लपवलंही नाही. पाण्याचा जग घ्यायला वाकताना कोट वर सरकला एवढंच. मावशींना ते दिसलं. त्या दिवशी प्लेट त्यांनी मुलीच्या हाती पाठवली.

डिसेंबरच्या अखेरीस न्यू जर्सीनं नवा कायदा केला. शाळा, वाचनालयं, उद्यानं अशा जागांची लांबलचक यादी त्यात होती आणि तिथे शस्त्र नेण्यास बंदी होती. दुकानं, हॉटेलं अशा खासगी जागांबद्दल वेगळा नियम होता : मालकानं स्पष्ट परवानगी दिली नसेल तर शस्त्र आत नेता येणार नाही. म्हणजे मालक गप्प राहिला तर त्याचं उत्तर नाही असं धरायचं. मी हे शनिवारी सांगितलं तेव्हा मावशी पहिल्यांदा या विषयावर बोलल्या.

"म्हणजे मी काही बोलायची गरज नाही?"

"नाही."

"माझ्या वतीनं सरकार बोललं?"

"तसंच."

"सरकार पहिल्यांदा कामाला आलं बघा."

काका कायदा पाळणारे आहेत. पुढचे शनिवार ते पिस्तूल घरी कुलपात ठेवून आले. मावशी प्लेट स्वतः आणू लागल्या.

हे फार टिकलं नाही. शस्त्रधारकांनी आणि त्यांच्या संघटनांनी कायद्याला आव्हान दिलं आणि जानेवारीत, महिनाही उलटायच्या आत, केंद्रीय न्यायाधीशांनी कायद्याची काही कलमं तात्पुरती थांबवली. त्यांत खासगी जागांचं कलम होतं. आता मालक गप्प राहिला तर त्याचं उत्तर हो असं धरायचं होतं. ज्याला नको असेल त्यानं तसं सांगायचं किंवा दारावर लिहायचं.

मावशींनी मुलीला फलक करायला सांगितला. मुलगी औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे आणि शनिवारी आईला मदत करते. तिनं फलक छापून, वर प्लास्टिकचं आवरण चढवून आणला. मराठी वाक्य मावशींनी सांगितलं. त्यात आधी 'कृपया' होतं. ते लिहिलं तर वाक्य एका ओळीत बसेना, म्हणून काढलं.

काका नेहमीच्या वेळी आले. मी आत बसलो होतो. त्यांनी दाराबाहेर उभं राहून फलक वाचला; आधी इंग्रजी, मग मराठी. काचेतून मावशींकडे पाहून त्यांनी हात जोडले आणि ते गाडीकडे परत गेले. त्यांच्या चालण्यात राग दिसला नाही. फलकावर जे लिहिलं होतं तेच त्यांनी केलं होतं.

मावशी गल्ल्यापाशी उभ्या राहिल्या. मिसळ टेबलावर येऊन थांबली होती. फरसाण मऊ पडलं.

"आई, इट्स जस्ट अ साइन," मुलगी म्हणाली.

"ज्या माणसानं हे दार उघडून दिलं त्यालाच दारातनं परत पाठवलं मी."

"तू त्यांना नाही पाठवलंस. तू गनला पाठवलंस."

"तो माणूस गेला ना पण."

थोड्या वेळानं त्यांनी फलक काढला. चिकटपट्टीच्या खुणा काचेवरून निघायला मात्र वेळ लागला. फलक फ्रीजरच्या मागे ठेवला गेला.

पुढच्या शनिवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी मावशींनी मला त्यांच्या घरी पाठवलं. काका बूट घालून दिवाणखान्यात बसले होते. कोणी येईल असं त्यांना वाटत असावं. निघताना त्यांनी पिस्तूल कपाटात ठेवून कुलूप लावलं. हॉटेलात आल्यावर ते नेहमीच्या खुर्चीवर बसले. मावशी समोर बसल्या. कामाच्या वेळी त्या बसल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"भाऊजी, एक सांगू का? रागावू नका."

"रागावलो असतो तर बूट घातले नसते."

"माझे वडील पोलिसात जमादार होते. ड्यूटीवरनं आले की आधी पट्टा खुंटीला, मग हातपाय, मग पाट. कमरेला काही बांधून पानावर बसायचं नाही, आमच्याकडं तसंच होतं. साहेब जेवायला आले तरी आजी त्यांना खुंटी दाखवायची. चामडं नको, शस्त्र नको. मला तुमच्या परवान्याचं काही नाही. तुमच्या घरी चोर आले, तुम्ही ठेवा. पण माझ्या हातची प्लेट पुढ्यात आणि कमरेला ते, हे माझ्यानं बघवत नाही."

"पिस्तुलाचं पाकीट आता चामड्याचं नसते, वहिनी. नायलॉनचं असते."

मावशी हसल्या. मुलगी आतून हसली. काका मात्र गंभीर होते.

"सांगायचं होतं मले."

"सांगणार कसं? तुम्हाला? आणि तेही सही मीच देऊन?"

"म्हणून पाटी लावली?"

"हो. आणि तुम्ही ती वाचून निघालात."

"पाटी वाचायलेच असते बाप्पा."

काकांचीही एक बाजू होती आणि ती त्यांनी मांडली. निकड दाखवा, असं सांगून त्यांना वर्षानुवर्षं परत पाठवलं होतं. न्यायालयानं तो हक्क दिला. आता मालक गप्प बसला तर त्याचा अर्थ नकार, असं सरकार ठरवू पाहत होतं आणि न्यायालयानं तेही थांबवलं होतं. मिळालेलं लगेच कपाटात ठेवायचं, हे त्यांना पटत नव्हतं. पण शनिवारही सोडवत नव्हता.

तडजोड काकांनीच काढली. प्रकरण न्यायालयात आहे. निकाल लागेपर्यंत ते शनिवारी पिस्तूल घरी ठेवतील आणि मावशी फलक लावणार नाहीत. सरकार जिंकलं तर प्रश्न मिटला. कायदा मावशींच्या वतीनं बोलेल. काकांची बाजू जिंकली तर ते पिस्तूल आणतील आणि मावशींनी खुशाल फलक लावावा. मग जे होईल ते होईल.

"कोर्टात याला जैसे थे म्हणतात," मी म्हणालो.

"पण किती दिवस?" मावशींनी विचारलं.

"सहा महिने," काका म्हणाले. "फार तर उन्हाळा. हे काही आपल्यासारखं नाही, वहिनी. तिकडं आजोबानं केस टाकायची अन् नातवानं निकाल ऐकायचा. इथं कोर्ट म्हणजे कोर्ट."

काकांचा हा विश्वास त्यांच्या एकट्याचा नव्हता. त्यांच्या बरोबर आलेल्या पिढीत तो सरसकट आढळतो. इथे वाहनपरवाना एका खेपेत हातात पडतो, तक्रार केली की दुकानदार वस्तू परत घेतो. तेव्हा न्यायालयही त्याच गतीनं चालत असणार, असं मानलं जातं. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-दहा वर्षं उभी असलेली तरुण मंडळीसुद्धा हेच बोलतात. पुण्यातल्या अनुभवावरून मी काकांना दुजोरा दिला नाही, पण खोडूनही काढलं नाही. माझ्याजवळ इथली माहिती नव्हती.

त्या वर्षीच्या मे महिन्यात न्यायाधीशांनी तात्पुरत्या स्थगितीच्या जागी सविस्तर आदेश दिला. सरकार अपिलात गेलं. जूनमध्ये अपील न्यायालयानं त्या आदेशाचा काही भाग रोखला. जागांच्या यादीतली बरीचशी बंदी परत लागू झाली, खासगी जागांचं कलम मात्र थांबलेलंच राहिलं. हे सगळं मूळ प्रश्नाबद्दल नव्हतं. कायदा घटनेला धरून आहे की नाही याचा निकाल लागेपर्यंत तो चालू ठेवायचा की थांबवायचा, एवढ्यापुरता हा वाद होता. हे मावशींना समजावताना कागदावर बाण काढावे लागले.

"म्हणजे अजून जेवायला बसलेच नाहीत. पाट कुठं मांडायचा त्यावर चाललंय."

"साधारण तसंच."

ऑक्टोबरमध्ये अपील न्यायालयात तिघा न्यायाधीशांपुढे तोंडी सुनावणी झाली. काकांनी तिचं ध्वनिमुद्रण दोनदा ऐकलं. न्यायाधीशांनी विचारलेल्या प्रश्नांवरून निकाल आपल्या बाजूनं आहे, असं त्यांनी जाहीर केलं. ऐकणारा प्रत्येक जण असंच म्हणतो.

वर्तमानपत्रात आमची एक पद्धत होती. मोठा निकाल येणार असला की बातमीच्या दोन प्रती आधीच लिहून ठेवायच्या, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. निकाल आला की एक छापायला जाते, दुसरी टोपलीत. त्रैमासिकासाठी मी तशा दोन प्रती त्या ऑक्टोबरमध्ये लिहिल्या. दिवाळीचा अंक गेला. संक्रांतीचा गेला. गुढीपाडव्याचा गेला. प्रत्येक अंकाआधी दोन्ही प्रती काढून वाचायच्या, मधल्या काळात जे जुनं झालं असेल ते बदलायचं आणि परत ठेवायच्या. पुण्यातही इतक्या वेळा बदलाव्या लागलेली प्रत आठवत नाही.

शनिवारचा प्रश्न ठरलेला होता. प्लेट ठेवता ठेवता मावशी विचारत, "काय पत्रकार, लागला?"

"नाही."

"कोर्ट आहे का दही? थंडीत लागायचंच नाही."

उन्हाळा आला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता तर एवढं उकडतंय. आता का लागेना?"

काकांच्या सहा महिन्यांच्या अंदाजाचा विषय कोणी काढला की ते म्हणत, "फाइल मोठी आहे." मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं, "काका, लग्नाच्या आधी व्हर्डिक्ट येईल का?" असं विचारलं. आला नाही. लग्न झालं. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे त्यांना गाडी चालवायची नव्हती, तेव्हा शनिवारची मिसळ डब्यातून घरी गेली. रस्सा वेगळ्या बाटलीत होता आणि बाटलीवर मुलीनं पेननं 'तर्री' लिहिलं होतं. मावशींनी ते पाहिलं आणि खोडलं नाही. काका परत आले ते काठी घेऊन. हॉटेलच्या दाराशी कोट अडकवायला मावशींच्या नवऱ्यानं ठोकलेली लाकडी खुंट्यांची ओळ आहे. काका तिथे काठी अडकवू लागले.

परवाना दोन वर्षांचा असतो. २०२४च्या शरदात त्याचं नूतनीकरण आलं आणि शिफारशीची प्रश्नावली मावशींकडे पुन्हा आली. या वेळी त्यांनी ती हॉटेल बंद करायच्या वेळेवर ढकलली नाही. दुपारी हॉटेल रिकामं असताना मुलीला समोर बसवलं. काका आणि मी टेबलावर होतो.

"एकेक वाच आणि मराठीत सांग," मावशी म्हणाल्या. "मागच्या वेळी मी डोळे मिटून हो म्हटलं."

मुलगी वाचत गेली. किती वर्षं ओळखता. स्वभाव कसा आहे. राग येतो का.

"राग येतो. पण घरी जाऊन येतो," मावशी म्हणाल्या. "तसं लिहायचं का?"

"आई, नो."

"वाईट सवयी?"

"पाव मोजत नाहीत."

"दे मीन ड्रिंकिंग, आई."

"मग नाही लिही."

काका भिंतीकडे पाहत होते. शेवटच्या प्रश्नावर मुलगी थांबली : या व्यक्तीला शस्त्र बाळगू द्यावं असं तुम्हाला वाटतं का?

मावशींनी काकांकडे पाहिलं. "भाऊजी, मी नाही लिहिलं तर?"

"तर मी दुसऱ्या कोणाचं नाव देईन. पण तुमच्यावर रागावणार नाही."

"घरी जाऊन रागवाल."

"घरी जाऊन बघू."

"हो लिही," मावशी मुलीला म्हणाल्या. "माझ्या हॉटेलात नको एवढंच. ते त्यांनी विचारलेलं नाही."

परवाना पुन्हा मिळाला. काका पेढे घेऊन आले. या वेळी मावशींनी पेढा खाल्ला.

अपील न्यायालयाचा निर्णय २०२५च्या सप्टेंबरमध्ये आला. सुनावणीला दोन वर्षं होत आली होती. तिघा न्यायाधीशांच्या खंडपीठानं जागांची यादी बहुतांशी सरकारच्या बाजूनं उचलून धरली. लोकांना खुल्या असलेल्या दुकानांत आणि हॉटेलांत मालकाचं मौन म्हणजे नकार, हे कलम मात्र थांबलेलंच ठेवलं. म्हणजे कायद्यातला मोठा भाग सरकारनं जिंकला आणि आमच्या टेबलावरचा प्रश्न काकांनी. माझ्या दोन्ही प्रती चालल्या नाहीत. तिसरी लिहावी लागली.

निर्णय आठवड्याच्या मधोमध आला. शनिवारपर्यंत मध्ये काही दिवस होते. काकांचा फोन आला नाही, मावशींचाही नाही. शनिवारी मी लवकर गेलो. फलक फ्रीजरच्या मागून निघाला होता. प्लास्टिकच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. मुलीनं त्या पुसून कोपऱ्यांना नव्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या. तो गल्ल्यावर पालथा ठेवला होता.

"आले की बघून लावते," मावशी म्हणाल्या. "ठरलं तसं. ते घेऊन आले तर पाटी लावायची. शब्द दोघांनी दिलाय."

"आणि ते परत गेले तर?"

मावशींनी फडक्यानं गल्ला पुसला. तो स्वच्छ होता.

काका नेहमीपेक्षा उशिरा आले. दाराशी थांबले. काचेवर काही नाही हे त्यांनी पाहिलं असावं. आत आल्यावर काठी खुंटीला लावली. मग कोट काढून तोही लावला. सप्टेंबरात एरवी ते कोट घालत नाहीत. कमरेला काही नव्हतं. मावशींनी ते पाहिलं आणि मीही.

"आणलं नाही?" मावशींनी विचारलं.

"काहून आणू? निकाल कुठं लागला?"

"पत्रकार म्हणाले लागला. तुमच्या बाजूनं."

"तिघांचा लागला. आता सरकार म्हणणार, सगळ्या न्यायाधीशांनी मिळून ऐका. त्याची मुदत आहे. त्यांनी ऐकलं नाही तर वरचं कोर्ट आहे. अन् हे सगळं तात्पुरत्या आदेशाचं चाललं आहे, मूळ केस तर उभीच आहे." काका माझ्याकडे वळले. "बरोबर सांगतो ना मी?"

"बरोबर."

"म्हणजे अजून वेळ आहे?" मावशींनी विचारलं.

"आहे."

"किती?"

काका खुर्चीवर बसले. गुडघा सरळ केला. "तिकडं आजोबा केस टाकतात ना, तसंच हे."

"सहा महिने म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणालो होतो. मले काय माहीत, इथले लोकही आपल्यासारखेच आहेत म्हणून."

मावशींनी फलक उचलला आणि मुलीच्या हाती दिला. मुलीनं आईकडे पाहिलं, मग काकांकडे. "सो, सेम ॲज बिफोर?" तिनं विचारलं.

"जैसे थे," काका म्हणाले.

मावशी आत गेल्या आणि प्लेट घेऊन आल्या. रस्सा वेगळ्या वाटीत होता. "घ्या तुमची तर्री," त्या म्हणाल्या. कटासाठी हा शब्द त्यांनी स्वतःहून वापरलेला मी पहिल्यांदा ऐकला. काकांनीही ऐकला; त्यांनी काही दाखवलं नाही, पण पाव एकच घेतला.

काकांनी सांगितलं तसंच झालं. डिसेंबरमध्ये अपील न्यायालयानं प्रकरण पूर्ण पीठापुढे नव्यानं ऐकायचं ठरवलं आणि तिघांचा निर्णय मागे घेण्यात आला. पुढच्या जानेवारीत दुसऱ्या एका राज्याच्या अशाच कलमावर, मालकाच्या मौनाचा अर्थ काय धरायचा याच प्रश्नावर, सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. त्रैमासिकासाठी पुन्हा दोन प्रती लिहिल्या आहेत.

हे लिहीपर्यंत दोन्हीकडचा निर्णय आलेला नाही. फलक फ्रीजरच्या मागे आहे. गेल्या शनिवारी मावशींनी प्लेट ठेवता ठेवता विचारलं, "लागला?" मी नाही म्हणालो. काकांची काठी खुंटीला होती. त्यांनी आणखी एक पाव मागवला.